शेखावाटीच्या भिंती : पूर्वजांनी गावाला दिलेली चित्रशाळा

राजस्थानातील सीकर, झुंझुनू आणि चुरू या जिल्ह्यांचा प्रदेश शेखावाटी म्हणून ओळखला जातो. एका बाजूस अरवलीच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस वाळवंट आणि मध्ये कांतली ही पावसाळी नदी, जी पुढे वाळूतच लुप्त होते. पाणी दुर्मीळ आणि शेती बेभरवशाची. अशा भूमीतील नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ या लहान गावांत मात्र गल्लीगल्लीत हवेल्या उभ्या आहेत आणि त्यांच्या भिंती जोत्यापासून सज्जापर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत.

या वैभवाचे मूळ व्यापारात आहे. दिल्ली, सिंध आणि गुजरातची बंदरे यांना जोडणारे उंटांचे तांडे याच प्रदेशातून जात. जकातीत सवलत देऊन ठाकूर व्यापाऱ्यांना आपल्या गावी बोलावीत. कर जाचक झाला की व्यापारीही गाव सोडीत. चुरूच्या पोद्दारांनी असाच वाद झाल्यावर १७९१ मध्ये रामगढ वसवले. पुढे इंग्रजी अमलात व्यापार कोलकाता आणि मुंबई या बंदरांकडे वळला, तांड्यांचे मार्ग ओस पडले आणि कर्ते पुरुष दूर देशी निघाले. कुटुंब मात्र गावीच राहिले. परगावी मिळवलेला पैसा हवेली, विहीर, धर्मशाळा आणि मंदिर यांच्या रूपाने गावी परतला. साधारण १८३० ते १९३० हा या चित्रांचा बहराचा काळ होय.

महाराष्ट्राशीही या भूमीचे नाते जवळचे आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळील काशी का बास या खेड्यात झाला. मुंबईत शिक्षणसंस्थांमुळे परिचित असलेले पोदार घराणे नवलगढचे. त्यांच्या हवेलीत आज संग्रहालय आहे.

ही चित्रे काढणारे कारागीर चेजारा म्हणून ओळखले जात. बांधकामही त्यांचेच आणि चित्रकामही त्यांचेच. चुन्याचा गिलावा ओला असतानाच ते त्यावर रंग चढवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. चुना सुकताना रंग त्यातच पक्का बसे. गेरू, काजळ, नीळ, पेवडी हे जुने रंग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रासायनिक रंग आले आणि झळझळीत निळा, लाल रंग भिंतींवर दिसू लागला. विषयही पालटले. कृष्णलीला, रामकथा आणि ढोला-मारू यांच्या शेजारी आगगाडी, मोटार, ग्रामोफोन आणि टोपीवाले साहेब येऊन बसले. मंडाव्यातील नेवटिया हवेलीवर तर राइट बंधूंचे विमान आहे. अनेक कारागिरांनी या वस्तू प्रत्यक्ष पाहिल्या नव्हत्या. छापील चित्रे आणि परतलेल्या सेठांची वर्णने हाच त्यांचा आधार होता.

हवेलीचा आतला चौक कुटुंबाचा; बाहेरची भिंत मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची होती. विहिरींचे उंच मिनार दुरून येणाऱ्या तहानलेल्या वाटसरूला पाणी कोठे आहे ते सांगत. रामगढच्या छत्र्यांच्या घुमटांतील चित्रे कोणीही मान वर करून पाहावीत. चुरूमध्ये ओसवाल जैन घराण्यांनीही मोठ्या हवेल्या उभारल्या. असंख्य खिडक्यांची सुराणा हवेली आणि कोठारी हवेली आजही प्रवासी शोधत येतात.

आज यांपैकी अनेक हवेल्यांना कुलूप आहे. मालक तीन-चार शहरांत विखुरलेले, एका दारावर कित्येक वारसांचा हक्क आणि देखरेखीला एखादा वृद्ध चौकीदार. छतावरील गळती वेळेवर थांबवली जात नाही. गल्लीत नळ आले, पण सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय अपुरी राहिली. त्यामुळे ओल पायातून वर चढते, क्षार फुटतात आणि गिलावा चित्रासह गळून पडतो. कोठे कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जातात, कोठे हवेली पाडून दुकानांचे गाळे उभे राहतात.

जेथे कोणी लक्ष घातले तेथे चित्र निराळे आहे. फतेहपूरमधील १८०२ ची एक हवेली नादीन ले प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने विकत घेऊन सावरली. मंडाव्यात आणि नवलगढमध्ये काही हवेल्या अतिथिगृहे झाल्या. वापर सुरू राहिला की छत झाडले जाते, गळती दिसते आणि घर टिकते.

ज्या कुटुंबांचे असे घर गावी उभे आहे, त्यांनी मोठ्या जीर्णोद्धाराची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी छत व पन्हाळी साफ करणे, भिंतीलगत पाणी साचू न देणे आणि प्रत्येक चित्राचे छायाचित्र काढून ठेवणे, एवढे तरी अल्प खर्चात होते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीही देऊ नये, कारण त्यामुळे ओल आतच कोंडते. फिकट चित्रावर तैलरंगाने नवे चित्र काढणे म्हणजे जुने पुसणेच होय. सर्वांत अवघड काम वारसांनी एकत्र बसून निर्णयाचा अधिकार एकाकडे लेखी सोपवण्याचे. ते झाले नाही, तर चुना आणि रंग कितीही उत्तम असले तरी भिंत वाचत नाही.