इसबाच्या कातडीला काय लावावे?

दिवाळीच्या पहाटे आपण आधी तेल लावतो, मग उटणे चोळून ऊन पाण्याने न्हातो. निरोगी कातडीला हा क्रम मानवतो. इसब असलेल्याने मात्र आधी कोमट पाण्याने न्हावे आणि स्निग्ध लेप नंतर लावावा. असे का, याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून वाचलेले प्रत्येक विधान दोन-तीन ठिकाणी ताडून पाहतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ घरच्या न्हाणीपुरता नाही. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतल्या टोळ्या उसाच्या फडांकडे निघतात. सोबतची लहान मुले सारा हिवाळा कोपीवर काढतात. थंडी, कोरडा वारा आणि पाल्याची कूस, तिन्ही इसबाला चेतवणारी आहेत.

कातडीचा वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांमधली स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. इसबात चुना झडतो. मग आतले पाणी उडून जाते आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाने इसबाचा धोका बराच वाढतो. तेव्हा इसब हा 'रक्त बिघडल्याचा' आजार नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. लागते ते गजकर्ण, आणि दोन्हींत गल्लत फार होते.

लेपांचे काम तीन प्रकारचे. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. काही तेले आणि सेरामाइड फटी बुजवतात. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. पाणी उडू न देण्यात या स्वस्त जेलीची बरोबरी महागड्या डब्यांतल्या फार थोड्या गोष्टी करतात. युरियाचे क्रीम भेगाळलेल्या कातडीवर झोंबते, म्हणून लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारूनच लावावे. शेतातला युरिया तर कातडीला कधीच लावू नये.

तेलांतही फरक आहे. शेफील्ड विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने कातडीचे आवरण कमकुवत झाले, सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकले. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल जास्त असते, सूर्यफुलात लिनोलिक. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलातही सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. शेंगदाण्याचे तेल मात्र फुटलेल्या कातडीवर नको. अशा वापराचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशी संबंध २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसला होता.

वापर असा करावा: आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी. सुगंधी साबण आणि उटणे टाळावे. अंग टिपून घ्यावे, पण पुरते कोरडे करू नये. तीन मिनिटांच्या आत लेप केसांच्या दिशेने हळूच पसरावा, रगडू नये. दिवसातून किमान दोनदा लावावा. डब्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढावा. सर्वांगाला इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत लेप लागू शकतो. बहुतेक घरांत त्याच्या निम्माही वापरला जात नाही, आणि मग 'गुण आला नाही' म्हणून डबा बदलला जातो.

लेपाची मर्यादाही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावूनही इसब टळला नव्हता. झालेला इसब आटोक्यात ठेवणे आणि तो पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी करणे, हे लेपाचे खरे काम. कातडी लाल होऊन चिघळली, पू आला किंवा ताप आला, तर लेपावर थांबू नये. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मिश्र मलमे टाळावीत. त्यांनी खाज चार दिवस दबते आणि कातडी पातळ होते.

सणाच्या दिवसांत आणखी एक जपावे. जेली आणि तेल मुरलेले कपडे, पांघरुणे झटकन पेट घेतात आणि धुऊनही तो अंश पुरता जात नाही. पणती, फटाके आणि कोपीतली चूल यांपासून लेप लावलेले मूल दूर ठेवावे. कारखान्याला निघताना मात्र बोचक्यात पेट्रोलियम जेलीचा एक मोठा डबा, सौम्य साबणाची वडी आणि मुलाचे पूर्ण बाह्यांचे दोन सुती सदरे जरूर असावेत.