घरी बनवलेल्या होडीला काय लावायचं?

आपल्या राणीसावरगावात समुद्र नाही, पण गंगाखेडला गोदावरी आहे, आणि स्वतः होडी बनवायची खाज कुणालाही सुटू शकते!

कोकणात होडीला उंडीचं किंवा काजूच्या टरफलांचं तेल चोपडायची जुनी रीत. तिथला खरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला किडा. तो इथल्या नदीच्या गोड्या पाण्यात नसतो. त्यामुळे त्याला रोखणाऱ्या, तांबं घातलेल्या महागड्या रंगावर पैसे घालवू नका.

आपल्याकडे लाकडाची वाट लावतं ते ऊन. फळ्यांची होडी फुगते, आकसते; तिच्यावर कडक थर तडकतो. तिला जवसाचं तेल बरं, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं ते. प्लायवूड असेल तर मात्र इपॉक्सीच. लाकूड खडखडीत वाळलेलं हवं आणि थर ऊन उतरल्यावर द्यायचा. सकाळी दिलात तर तापत्या लाकडातली हवा फुगून बारीक फोड येतात. प्लायच्या कडांना दोन-तीन हात जास्त द्या, पाणी तिथूनच शिरतं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून ऑइलपेंट हवाच. लाखेचं पॉलिश तर नकोच, पाण्यानं पांढरं पडतं.

आणि हो, जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.