हातावर पोट, पण हात पसरायचा नाही : निर्णा परिसरात अडलेल्या घराला मदत पोचते कशी?

कष्टकरी घराला वर्षातला सगळ्यात जड महिना कोणता, असं निर्णा परिसरात कुणालाही विचारा, उत्तर बहुधा जून असंच येईल. मृग लागलेला असतो. सोयाबीन, तूर, उडदाचं बियाणं आणायचं असतं. शाळा उघडलेल्या असतात, वह्या-दप्तराचा खर्च समोर उभा असतो. मागच्या हंगामाचे पैसे केव्हाच संपलेले असतात आणि कर्जाचा आठवड्याचा हप्ता काही पावसाची वाट बघत थांबत नाही.

अशा घराला गरीब म्हटलेलं आवडत नाही, आणि ते खरंही आहे. घरातली दोन-तीन माणसं कामाला जातात, चूल रोज पेटते. पण एखादं बाळंतपण अवघड गेलं, मोटारसायकलवरून पडून पाय मोडला किंवा बांधकामावरच्या मुकादमानं पगार अडकवला, की महिन्याची तोंडमिळवणी होत नाही. सरकारी योजना या घरापर्यंत येतात, पण उशिरा. मधल्या काळात ते तगतं कशावर? बऱ्याच अंशी शेजार, देवस्थान, बचत गट आणि गावातल्या दोन-चार लिहित्या-वाचत्या पोरांवर. हे सगळं चालतं कसं आणि अडतं कुठं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

निर्णा आज बीदर जिल्ह्याच्या चिटगुप्पा तालुक्यात आहे. तालुका नवा, त्याआधी हा भाग हुमनाबादकडे होता. पुणे-हैदराबाद महामार्ग जवळचाच. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. कागदावर रेघ पडली, सोयरीक मात्र थांबली नाही. मजुरीला हैदराबाद किंवा पुणे, लेक दिली उदगीरला, रेशनकार्ड कर्नाटकाचं, अशी घरं इथं गल्लोगल्ली सापडतात. मदतीची गोष्ट इथं जरा वेगळी होते ती याच कारणानं.

पंगतीला लाज नसते

पहिली मदत अन्नाची. ती या मातीत जुनी आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, कायक आणि दासोह या दोन गोष्टी जोडीनं सांगितल्या. कायक म्हणजे आपल्या कष्टाचं काम, आणि त्या कमाईतून समाजासाठी जे काढायचं तो दासोह. देणाऱ्यानं इथं दाता व्हायचं नसतं, दास व्हायचं असतं. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर संस्थानाचं नाव दासोहासाठीच घेतलं जातं. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या (१८१७-१८६५) संस्थानात अन्नदानाची परंपरा आहे. दत्तजयंतीच्या उत्सवाला मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकाच पंगतीला बसतात. बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. तिथं कुणी जात, गाव, आधार नंबर विचारत नाही.

मराठी वाचकाला बीदर म्हटलं की आणखी एक नाव आठवतं, दामाजीपंतांचं. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी धान्यकोठारं लोकांना खुली केली म्हणून बीदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला सांगितलं, आणि विठोबानं विठू महाराच्या रूपानं बीदरच्या दरबारात येऊन पैसे भरले, अशी कथा आहे. पैसे भरल्याची पावती मागणारा दरबार आमच्याच जिल्ह्यातला, हे इथल्या माणसानं हसत मान्य करायला हरकत नाही.

या अन्नाचं मोल नुसतं पोट भरण्यात नाही. पंगतीला बसलेला माणूस प्रसाद घेतो, भीक घेत नाही. शेजारी सावकारही बसलेला असतो. तीच भाकरी कुणी दारात आणून, फोटो काढून दिली तर कष्टाळू घरातली बाई ती घ्यायला पुढं येत नाही. किट वाटपाच्या कार्यक्रमात नेहमी तीच ती तोंडं दिसतात आणि खरं अडलेलं घर दिसत नाही, त्यामागचं मोठं कारण हेच. मुस्लिम घरांतल्या जकातीची रीत या बाबतीत शहाणपणाची आहे. ठरावीक मर्यादेवरच्या, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून शेकडा अडीच काढायचे, आणि शक्यतो गाजावाजा न करता द्यायचे. रमजानात कुणाच्या घरी काय पोचलं हे गल्लीत कळत नाही.

पुण्यात हमाल पंचायतीनं बाबा आढावांच्या पुढाकारानं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, तीही याच जाणिवेतून आलेली म्हणता येईल. तिथं जेवण फुकट नाही, स्वस्त आहे. हमाल पैसे मोजतो आणि ताठ मानेनं जेवतो. बीदर-कलबुर्गीकडून पुण्याला गेलेल्या मजुरांनाही अशी केंद्रं उपयोगी पडतात.

पण पंगत एक वेळ भागवते. दवाखान्याचं बिल, बियाण्याची बॅग, कॉलेजची फी यांना एकदम रक्कम लागते. खरी कोंडी तिथं आहे.

एकरकमी पैसा आणतो कोण?

यासाठी बायकांचा बचत गट आहे, इथल्या बोलीत 'संघ'. देशभर पसरलेल्या या पद्धतीचं बरंचसं मूळ कर्नाटकातलंच. मायराडा या संस्थेनं १९८० च्या दशकात असे गट बांधले, कलबुर्गी जिल्ह्यातल्या कमलापूर भागातही तिचं काम झालं. १९९२ मध्ये नाबार्डनं गट थेट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढं सहकारी बँकेमार्फत गट वाढवण्यात बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं नाव देशात घेतलं गेलं. गुरुपादप्पा नागमारपल्ली तेव्हा बँकेचे अध्यक्ष होते. हे श्रेय जिल्ह्याबाहेर जितकं ठाऊक आहे तितकं जिल्ह्यात नाही.

हिशेब साधा आहे. समजा, पंधरा बायका महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतात. वर्षाला १८,००० जमतात. त्यातूनच एकीला ५,००० उचल दिली, व्याज महिन्याला शेकडा दोन. मुद्दल तसंच राहिलं तर वर्षाचं व्याज १,२०० रुपये. तेच पैसे सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले तर ३,०००. फरक १,८०० चा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की गटाचं व्याज गटाच्याच पेटीत परत येतं, पुढच्या जूनमध्ये दुसरीच्या कामी पडतं. गट नियमित चालला, वह्या नीट असल्या की बँक कर्ज देते, आणि १० लाखांपर्यंत तारण मागत नाही. जमीन नावावर नसलेल्या बाईला पत मिळवून देणारं हे एकमेव दार आहे म्हटलं तरी चालेल.

मात्र या दाराची कडी एका वहीत आहे. बैठक ठरल्या दिवशी, बचत नियमित, आपसात उचल, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही, ही पंचसूत्री कागदावर सगळ्यांना पाठ आहे. गट बसतो तो बहुतेक वेळा शेवटच्या सूत्रावर. दोघी-तिघीच फिरून फिरून उचल घेतात, वही अध्यक्षबाईंचे पती लिहितात, बाकीच्या अंगठा किंवा सही करून मोकळ्या होतात. ज्या गटात बारावी झालेली सून किंवा मुलगी बैठकीत बसून सगळ्यांसमोर आकडे वाचून दाखवते, तो गट टिकतो. तिला त्याचे फारसे काही मिळत नाही. गावातली सगळ्यात मोलाची स्वयंसेवा कोणती असेल तर ती ही, आणि तिचा सत्कार कुणी करत नाही.

गोंधळ इथंच होतो. खासगी मायक्रोफायनान्स कंपनीही बायकांचा गट करते आणि लोक त्यालाही 'संघ'च म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बचत गटात पैसा आधी बायकांचा असतो आणि व्याज त्यांच्याकडेच फिरतं. कंपनीच्या गटात पैसा कंपनीचा, व्याज कंपनीचं, आणि एकीचा हप्ता चुकला तर त्याचा ताण बाकीच्यांवर. मग शेजारीणच शेजारणीच्या दारात बसते. वर्षानुवर्षं जे नातं मदतीला यायचं, तेच वसुलीच्या कामाला लागतं. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

कर्नाटकात या वसुलीच्या जाचानं जीव गेल्याच्या बातम्या आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम त्याआधीपासूनचे, १ एप्रिल २०२२ पासून लागू. ते माहीत असले तर बोलण्यात बळ येतं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज ते मायक्रोफायनान्स. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे घरात १५,००० येत असतील तर सगळे हप्ते मिळून ७,५०० च्या आत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवं. सीमाभागातल्या मराठी बाईनं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं.

गावातली शिकलेली पोरं अशा वेळी फार मोठं काही करत नाहीत. कार्ड मागतात, बेरीज करून दाखवतात, कंपनी नोंदणी केलेली आहे का विचारतात, वसुलीवाल्याशी बोलताना बाईच्या शेजारी उभी राहतात. पण एकटी बाई आणि शेजारी कुणीतरी उभं असलेली बाई, यांच्याशी बोलण्याचा सूर वेगळा असतो.

कागद सीमेवर अडतो

तिसरी मदत कागदाची. रेशनकार्डाचंच घ्या. 'एक देश, एक रेशनकार्ड' ही सोय कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा या तिन्ही राज्यांत जानेवारी २०२० पासून आहे. निर्ण्याचा मजूर हैदराबादच्या किंवा पुण्याच्या कंट्रोलच्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकतो, आणि त्याच कार्डावर घरचे गावात आपला वाटा घेऊ शकतात. फक्त परराज्यात मिळतं ते केंद्राच्या कायद्याचं, माणशी पाच किलो. कर्नाटक सरकार वरून जे देतं ते कर्नाटकातच. हे न कळल्यामुळे दुकानदारानं धान्य मारलं असा गैरसमज होतो, आणि कधीकधी खरंच मारलेलं असतं ते गैरसमजात खपून जातं.

बांधकाम मजुराच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. मंडळं राज्यानुसार वेगळी. सहा महिने हैदराबादेत आणि दोन महिने गावाकडे विटा उचलणाऱ्याला दाखला द्यायचा कुणी, हा प्रश्न ठेकेदार सोडवत नाही.

आता दोन बहिणींचा विचार करा. थोरली निर्ण्यातच दिली. ती घराची कर्ती म्हणून कार्डावर असेल तर कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे महिना २,००० तिला लागू. धाकटी उदगीरला दिली. तिचा जन्म कर्नाटकातला, म्हणून महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांसाठी सुरुवातीला अडचण आली. २०२४ मध्येच नियम सुधारला: परराज्यात जन्मलेल्या, पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचे रहिवासाचे कागद चालतात. पण माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी करून घेण्याचंही काम असतं. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर कन्नडमधून उतरवताना झालेलं दुसरंच. अर्ज नाडकचेरीत कन्नडमधून, सासर मराठीत. हे सोडवायला वकील लागत नाही, दोन्ही लिप्या येणारा माणूस लागतो, आणि त्याच्याकडे एक मोकळी दुपार लागते. इथल्या निवृत्त शिक्षकांकडे दोन्ही आहे. काही जण ते करतातही, चहाच्या बोलीवर. एजंट याच कामाचे पाचशे घेतो.

कामाला बाहेर पडणाऱ्या घरांनी निघण्याआधी एवढं करून ठेवावं. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी झालंय का ते कंट्रोलमध्ये बघावं, लहान पोरांचंसुद्धा. मुकादमाचं पूर्ण नाव, गाव आणि फोन वहीत लिहून ती वही घरी ठेवावी. रोजच्या हजेरीचा फोटो मोबाइलवर काढावा. कर्जाचं कार्ड पेटीत न टाकता जो वाचू शकेल त्याला एकदा दाखवावं. आणि गटाच्या बैठकीला आपण नसलो तर जाऊबाईला पाठवावं, म्हणजे आपल्या नावावर उचल निघाली तर तिला तरी कळेल.