समुद्राखालची सहल : आधी पोहणे, मग तिकीट

नोकरीला लागून दोन वर्षे झालेली मुलगी एके दिवशी घरी येऊन सांगते, "मला समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेले जहाज पाहायचे आहे." आईच्या पोटात गोळा येतो. वडील विचारतात, "पैसे किती लागतात?" दोघांचेही बरोबरच आहे. पण या दोन्हीच्या आधी विचारायचा एक प्रश्न घरात कोणीच विचारत नाही. तो म्हणजे, "तुला पोहता येते का?"

आपल्या वस्त्यांत, चाळींत वाढलेल्या कित्येकांना कमरेच्या वर पाण्याची सवय नसते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. महापालिकेच्या तलावात तीन-चार महिने नेमाने गेले की मोठ्या माणसालाही पोहता येते. स्कुबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे एवढेच लागते. वेगाची अट नाही. मालवण-तारकर्लीला तासाभरात जे स्कुबा करून आणतात, ते वेगळे. तिथे शिक्षक आपल्याला धरून खाली नेतो आणि फोटो काढून वर आणतो. गंमत म्हणून ठीक आहे, पण तो काही परवाना नव्हे.

दुसरी पायरी डॉक्टरांची. कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, फिट, हृदयविकार, कानाच्या पडद्याचा त्रास, गरोदरपण, सगळे त्यात विचारलेले असते. पैसे भरून झाले म्हणून खोटे 'नाही' लिहू नका. विदर्भातल्या वाचकांना तर आम्ही आणखी एक गोष्ट आवर्जून सांगू. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याने डायव्हिंगच्या वाटेला जाऊ नये. शरीराला प्राणवायू कमी पडला तर त्याचा जीव धोक्यात येतो. जो नुसता वाहक आहे, त्यानेही ते डॉक्टरांना सांगूनच पुढचे ठरवावे. ज्यांनी अजून तपासणीच केली नाही, त्यांनी या निमित्ताने ती करून घ्यावी.

आता जायचे कुठे? उष्ण समुद्र, प्रवाळ आणि बुडालेली जहाजे हे तिन्ही एका जागी, तेही आपल्याला झेपेल अशा अंतरावर हवे असेल, तर आमचे मत श्रीलंकेला. तिथे दोन किनाऱ्यांचे दोन हंगाम असतात. पश्चिमेचा आणि नैऋत्येचा समुद्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल शांत असतो, पूर्वेचा मे ते सप्टेंबर. म्हणजे दिवाळी उरकून नोव्हेंबरात निघालात तर पश्चिमेला हिक्कडुवा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत निघालात तर पूर्वेला त्रिंकोमाली. उलटे केले तर खवळलेला समुद्र खिडकीतून बघत बसावे लागेल. तिकीट स्वस्त मिळाले म्हणून महिना ठरवू नका. आधी महिना, मग किनारा, मग तिकीट.

आम्ही मे महिन्याची वाट धरू, कारण पोरांना शाळेची सुट्टी असते आणि घरचे सगळे निघू शकतात. त्रिंकोमालीजवळ निलावेलीचा किनारा आहे आणि तिथून सुमारे एक किलोमीटरवर पिजन आयलंड नावाचे बेट. २००३ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बेटाभोवती उथळ पाण्यात प्रवाळ आहे आणि काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क फिरतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. ज्यांना खोल उतरायचे नाही, त्या आईला आणि पोरांना लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून वरूनच हे बघता येते. प्रवाळ दिसायला दगडासारखे, पण असंख्य बारीक जिवांनी बांधलेले असते. त्यावर पाय ठेवून उभे राहणे म्हणजे वर्षानुवर्षांचे बांधकाम एका क्षणात मोडणे. एकदा गेलेले प्रवाळ सहजी परत येत नाही. १९९८ साली समुद्राचे पाणी तापले, तेव्हा हिक्कडुवाचे बरेचसे प्रवाळ पांढरे पडून मेले. जुनी रंगीत चित्रे पाहून तिथे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जहाजांची गोष्ट मात्र युद्धाची आहे. एप्रिल १९४२. जपानी विमानवाहू नौका हिंदी महासागरात शिरल्या होत्या. त्रिंकोमालीवर हल्ला होणार अशी खबर लागल्याने ब्रिटिशांची 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बंदर सोडून दक्षिणेला गेली. ९ एप्रिलला ती परत येत असताना बट्टिकलोवाच्या समोर जपानी विमानांनी तिला गाठले. विमानवाहू नौका खरी, पण त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हते. ती बुडाली आणि ३०७ माणसे गेली. तिच्या सोबतची 'व्हॅम्पायर' बुडाली, आणि त्याच दिवशी त्या किनाऱ्यावर 'ब्रिटिश सार्जंट' हे तेलवाहू जहाजही बुडाले. पुढे श्रीलंकेतले यादवी युद्ध २००९ साली संपेपर्यंत या भागात हौसेने कोण उतरणार होते?

'हर्मिस'चे नाव ऐकले की नवशिक्याचे डोळे चमकतात. इथेच सावध व्हायचे. ती ५० मीटरहून खोल पाण्यात पडली आहे. पहिल्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा असते, दुसऱ्या कोर्सनंतर ३० मीटरपर्यंत. हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे ५० मीटरवर तो पृष्ठभागाच्या सहापट होतो आणि सिलिंडरमधली हवाही सहापट वेगाने संपते. शिवाय तितक्या खोल हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते. माणूस दारू प्यायल्यासारखा वागू लागतो आणि घड्याळ, हवेचा काटा बघायचे विसरतो. तिथे जाणारे लोक वेगळे वायू, जास्त सिलिंडर आणि वर्षांचा सराव घेऊन जातात. कोणी नावाडी किंवा दुकानदार "चला, नेतो, काही होत नाही" म्हणाला, तर त्याच्याकडे पहिले दहा मीटरसुद्धा उतरू नका.

'ब्रिटिश सार्जंट' कल्कुडाच्या बाजूला सुमारे २४ मीटरवर आहे. तीही पहिल्या कोर्सच्या हद्दीबाहेरच. म्हणून आमचा सल्ला असा : पहिल्या वर्षी निलावेलीला चार दिवसांत पहिला कोर्स पुरा करा, प्रवाळावर पाच-सहा डाइव्ह करा आणि जहाजाचे नाव काढू नका. दुसऱ्या वेळी पुढचा कोर्स करून 'ब्रिटिश सार्जंट' बघा. उतरलात तरी आत शिरायचे नाही. आत गाळ उसळला की स्वतःचा हात दिसत नाही. आणि आठवण म्हणून खिळाही उचलायचा नाही.

खजिन्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. श्रीलंकेच्या आग्नेयेला ग्रेट बासेस नावाचा खडकांचा पट्टा आहे. तिथे १९६१ साली एका बुडालेल्या जहाजाजवळ चांदीच्या नाण्यांचे गठ्ठे सापडले. ते रुपये निघाले औरंगजेबाच्या काळातले, १७०२ च्या सुमारास सुरतेच्या टांकसाळीत पाडलेले! ज्या मंडळींनी ते शोधले, त्यांचे जोडीदार होते विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क. डायव्हिंगच्या ओढीनेच ते १९५६ साली श्रीलंकेत राहायला गेले होते आणि २००८ साली मरेपर्यंत तिथेच राहिले.

पैशाचे म्हणाल, तर सर्वात जास्त पैसा विमानाला नव्हे, कोर्सला आणि डाइव्हला लागतो. त्यासाठी कर्ज काढू नये. चार मित्रांनी मिळून वर्षभराची भिशी लावावी किंवा दिवाळीचा बोनस बाजूला टाकावा. सिलिंडर, रेग्युलेटर, सूट सगळे भाड्याने मिळते. स्वतःचा घ्यायचा तर फक्त मास्क, चेहऱ्याला नीट बसणारा. चष्मा लागतो त्यांना नंबराची काच बसवून मिळते. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा धरलेले नसते. ते लिहून घ्या. जवळचे रिकंप्रेशन चेंबर कुठे आहे आणि ते चालू आहे का, हे दुकानदाराला विचारा. तो उत्तर कसे देतो त्यावरून दुकान कळते.

परतीचा दिवस ठरवताना एक चूक पुष्कळ जण करतात. डाइव्ह केल्यावर शरीरात नायट्रोजन साठलेला असतो, आणि उंचावर गेले की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक वेळा उतरला असाल तर किमान १८ तास विमानात बसायचे नाही. आम्ही पूर्ण दिवसच सोडायला सांगू. हाच नियम डोंगराला. नुवारा एलिया १८०० मीटरहून उंच आहे, कँडीही डोंगराळ भागात. ते आधी बघा, समुद्र नंतर.

मग मोकळ्या दिवसाचे काय करायचे? त्रिंकोमालीहून विमानतळाकडे येताना सुमारे शंभर किलोमीटरवर सखल प्रदेशात अनुराधपूर लागते. तिथे महाबोधी वृक्ष आहे, रुवनवेलीसेय स्तूप आहे. एक दिवस कमीच पडतो. मात्र वैशाख पौर्णिमेच्या सुमारास निघणार असाल तर तिथली खोली दोन महिने आधी ठरवा. वेसाकला सारी श्रीलंका रस्त्यावर उतरलेली असते.