तिथीची पाऊणपट

पेणच्या खारेपाटात पक्षी मोजायला निघायचं तर आधी पंचांग बघावं लागतं. कोळी-आगरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती. द्वितीयेला दीड. तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास, ओहोटी. खाडीत आत जाल तसा आणखी उशीर. विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवला तो यासाठीच. ओहोटीला धरमतर खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, टिलवे, चिखल्या त्यावर पांगतात. भरतीला तेच पक्षी मिठागरांत नाहीतर बांधाआडच्या खाचरांत दाटीने उभे राहतात. तिथी लिहिली नसेल, तर पक्षी वाढले की नुसतं पाणी चढलं, हे वहीवरून कळणार कसं?

बांधावरची वाट ठरलेली, थांबेही ठरलेले. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने उडालेला बगळा कुठल्या दिशेला गेला ते बघायचं, म्हणजे पुढच्या थांब्यावर तोच पुन्हा मोजला जात नाही. मोठा थवा आला की दहा पक्षी नीट मोजायचे आणि तेवढा तुकडा नजरेनेच थव्यावर सरकवत न्यायचा. गणपतीच्या कारखान्यांत हात बसलेली मुलं यात तरबेज असतात. डोळ्यांची आखणी करणाऱ्याला टिलव्याच्या पायांतला हिरवा आणि लाल फरक सांगावा लागत नाही.

सगळ्यात अवघड जातं ते शून्य लिहिणं. थांब्यावर काही दिसलं नाही की मुलं रकाना तसाच सोडतात. पण रिकामा रकाना म्हणजे कुणी गेलंच नाही, आणि शून्य म्हणजे गेलो, थांबलो, पक्षी नव्हता. या भागात बांधाला खांड पडली, उघाडी नादुरुस्त राहिली, की खारं पाणी शेतात शिरतं. भात जातं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. भाताच्या पातीचे धागे काढून घरटं विणणारी सुगरण मग तिथे का राहील? तिचं जाणं त्या शून्यातच सापडेल. शेजारच्या अलिबाग तालुक्यात, किहीमला, 1930 साली सलीम अलींनी याच सुगरणीवर नजर ठेवून नोंदी केल्या. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे रोजच्या रोज तेच झाड बघितल्यामुळे उमगलं.

रोह्याला हिशोब बदलतो. कोलाडजवळ कुंडलिकेचं पाणीही चढतं-उतरतं, पण चंद्राच्या नव्हे, विजेच्या तालावर. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की धोबी आणि तुतवार बसतात ते खडक बुडतात. म्हणून इथे तिथीऐवजी पाणी सुटण्याची वेळ लिहायची.

फणसाडच्या बाजूच्या रानात डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. नोंदीत 'दिसला' आणि 'ऐकला' वेगळं लिहावं, यावर मी हट्टी आहे. महाभृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो, की नुसत्या आवाजावर सर्पगरुड लिहून टाकणं धोक्याचं.

5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात 2020 पासून होतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ते सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात बांधावर मुलांची गर्दी असते, आणि ती मला मनापासून आवडते. अडचण मे महिन्याची. परीक्षा संपलेल्या, ऊन रणरणतं, आणि बहुतेक तुतवार उत्तरेला गेलेले. तरी काही कोवळे पक्षी खाडीत मागे राहतात, आणि ते किती हे नोव्हेंबरची वही सांगू शकत नाही. म्हणून मेच्या फेरीसाठी बांधालगतच्या गावांतलीच मुलं निवडायची, आणि द्वितीया बघून त्यांना पहाटे निघायला सांगायचं.