फिंच पाळताना

मुलांनो, झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, चिमणीहून लहान पक्षी आहे. पाळण्यासाठी त्याची पैदास पिंजऱ्यातच केली जाते. तो थव्याने राहतो. म्हणून एकटा ठेवू नका, जोडी ठेवा. पिंजरा लांब असावा, म्हणजे त्यांना उडता येते. राळे, बाजरी व कोवळी पालेभाजी द्या. अंड्याच्या कवचासाठी मादीला कॅल्शियम लागते. ते समुद्रफेसातून मिळते. पाणी रोज बदला. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. धूर त्यांना लवकर बाधतो.

लाल मुनिया मात्र कोणी विकत असेल, तरी घेऊ नका. ती आपल्या रानातली आहे. तिला पकडणे व पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. घेणारा नसेल, तर जाळे कोण लावील?