छताला लावलेली केबल कशाने धरली आहे?

तुम्ही राहता त्या इमारतीच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्यात उभं राहून कधी वर पाहिलं आहे का? छताच्या कडेने एखादी पांढरी पट्टी गेलेली दिसेल आणि त्या पट्टीत फायर अलार्म, दिवे, इंटरनेट अशा कसल्या ना कसल्या केबल असतील. काही ठिकाणी पट्टीही नसते. केबल नुसत्याच खिळ्याच्या प्लॅस्टिक क्लिपांनी ठोकलेल्या असतात.

विजेच्या वायरबद्दल आपण चौकशी करतो ती तांबं किती जाड आहे, कंपनी कोणती, इन्सुलेशन चांगलं आहे ना, एवढीच. ती वायर जागेवर कशाने धरून ठेवली आहे, हे आपण सहसा विचारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्न गेल्या काही वर्षांत थेट वायरिंगच्या नियमांत आला. तो का आला आणि त्यामागचं विज्ञान काय, हे आज पाहू.

दोन आगी

२ फेब्रुवारी २००५ रोजी इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज शहरात हॅरो कोर्ट या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर आग लागली. त्यात एका रहिवासी महिलेचा आणि अग्निशमन दलाच्या दोन जवानांचा मृत्यू झाला. छताजवळच्या प्लॅस्टिक ट्रंकिंगमध्ये, म्हणजे आपण ज्याला केसिंग पट्टी म्हणतो त्यात, फायर अलार्मच्या केबल होत्या. उष्णतेने ट्रंकिंग गेलं, केबल खाली लोंबल्या आणि एक जवान त्यांत अडकला.

पाच वर्षांनी, ६ एप्रिल २०१० रोजी, साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या सोळा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर आग लागली. तिथेही दोन जवान गेले. मृत्यूची कारणं अनेक होती, पण छतावरून सुटून खाली आलेल्या केबल हा त्यांतला एक अडथळा होता. २०१३ साली कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सरकारला शिफारस केली की फक्त फायर अलार्मच्याच नव्हे, तर सगळ्याच केबल आगीत टिकतील अशा आधारांवर बसवल्या जाव्यात.

हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. धुरात काही दिसत नाही, म्हणून जवान जमिनीलगत रांगत पुढे सरकतोय. पाठीवर हवेचं सिलिंडर आहे, त्याच्या नळ्या आणि पट्टे आहेत. वरून वायरींचं जाळं खाली आलेलं आहे. एखादी वायर सिलिंडरच्या मागे अडकली, तर ती त्याला दिसत नाही आणि त्याचा हातही तिथे पोहोचत नाही. तो सुटायला जितका पुढे रेटतो, तितकी ती घट्ट होते. सिलिंडरमधली हवा मात्र मोजकीच असते.

वायर का उरते, पट्टी का उरत नाही?

याचं उत्तर पदार्थांच्या गुणधर्मांत आहे. केबलच्या गाभ्यात तांबं असतं आणि ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. वरचं आवरण जळून गेलं तरी तांब्याची तार शाबूत राहते. उलट ती केबल धरून ठेवणारी पट्टी पीव्हीसीची असते, केबल टाय नायलॉनचे असतात.

पीव्हीसी तापल्यावर काय होतं ते समजायला चिक्की आठवा. बर्फ शून्य अंशाला सरळ वितळतो: आधी घट्ट, मग पाणी. चिक्कीचं तसं नाही. थंडीत ती काचेसारखी कडक असते, गरम झाली की आधी मऊ पडते, वाकते, हाताला चिकटते. तिचा ठरावीक असा वितळण्याचा बिंदू नसतो, कारण तिच्यातले साखरेचे रेणू स्फटिकासारखे रांगेत बसलेले नसतात, अस्ताव्यस्त गोठलेले असतात. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांचंही बऱ्याच अंशी असंच आहे. साधारण ८० अंशांच्या आसपास त्या साखळ्यांना हलायला वाव मिळतो आणि कडक पट्टी लवचीक होते. ८० अंश म्हणजे नुकत्याच गाळलेल्या चहापेक्षा फार जास्त नाही.

नायलॉन त्यापेक्षा बरं. टायसाठी नेहमी वापरतात ते नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतं. पण वितळण्याच्या बरंच आधी त्याची ताकद घटत जाते आणि ताणाखाली असलेला टाय तुटायला तेवढं पुरतं.

आता आगीकडे पाहू. इमारतींचे भाग आगीत किती टिकतात हे तपासायच्या भट्टीचं तापमान एका ठरलेल्या वक्रानुसार वाढवतात. तो वक्र सांगतो: १ मिनिटाला सुमारे ३५० अंश, ५ मिनिटांना ५७५, १० मिनिटांना ६८०, ३० मिनिटांना ८४०. खऱ्या खोलीतली आग याहून हळू किंवा वेगाने वाढू शकते, पण अंदाज यायला हे आकडे पुरेसे आहेत. पीव्हीसी आणि नायलॉन या दोघांचा निकाल पहिल्या काही मिनिटांतच लागतो. ६६० अंशांना वितळणारं ॲल्युमिनियमही फार काळ तग धरत नाही.

शिवाय गरम वायू हलका असतो, तो वर चढून छताखाली साचतो. जमिनीलगत माणूस अजून रांगू शकतोय अशा वेळी छताजवळचं तापमान काहीशे अंशांवर गेलेलं असू शकतं. आणि आपण केबल नेमक्या तिथेच लावतो.

न पेटणं वेगळं, न वाकणं वेगळं

इथे एक गैरसमज होतो. "पण पीव्हीसी तर फायरप्रूफ असतं ना?" असं बरेचजण विचारतात. त्यात अर्धं तथ्य आहे. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, त्यामुळे ते सहजी पेट घेत नाही आणि ज्वाला बाजूला केली की बहुधा विझतं. पॅकेटवर लिहिलेलं असतं ते याबद्दल. पण एखादी वस्तू स्वतः न पेटणं हा एक गुण झाला, आणि गरम झाल्यावरही वजन पेलत राहणं हा दुसरा. पहिला गुण असलेली पट्टी दुसऱ्या परीक्षेत सहज नापास होते. ती जळत नाही, पण मऊ होऊन केबल सोडून देते.

स्टीलचं नेमकं उलट आहे. सुमारे ६०० अंशांना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, ८०० अंशांना साधारण दहावा हिस्सा उरतो. इमारतीच्या तुळईसाठी ही फार वाईट बातमी आहे. क्लिपसाठी मात्र नाही, कारण क्लिपवर वजनच किती असतं? ब्रिटनमध्ये घरातल्या सॉकेटसाठी नेहमी वापरतात त्या केबलमध्ये अडीच चौरस मिलिमीटरच्या दोन तारा आणि दीड चौरस मिलिमीटरची अर्थिंगची एक तार असते. हिशोब केला तर एक मीटर लांबीत जेमतेम ५८ ग्रॅम तांबं भरतं. आवरण जळून गेल्यावर एवढंच पेलायचं उरतं. दहावा हिस्सा ताकद उरलेल्या स्टीलच्या पट्टीलाही ते जड नाही.

नियम काय सांगतो?

ब्रिटनचे वायरिंगचे नियम बीएस ७६७१ या मानकात आहेत. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि इमारतीतून बाहेर पडायच्या वाटांवरच्या केबल आगीत अकाली कोसळणार नाहीत अशा बसवणं सक्तीचं झालं. २०१८ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीने हीच अट सगळ्या जागांना लावली. त्या आवृत्तीचा अंमल जानेवारी २०१९ पासून सुरू झाला.

प्लॅस्टिकवर बंदी आलेली नाही, हे लक्षात घ्या. अट एवढीच आहे की केबलचा एकमेव आधार प्लॅस्टिकचा नको. प्लॅस्टिक ट्रंकिंग लावा, पण त्याच्या आत ठरावीक अंतरावर स्टीलच्या क्लिपा भिंतीत स्क्रूने बसवा. पट्टी मऊ पडून गळाली तरी क्लिप केबल सोडणार नाही. स्टीलच्या ट्रेवर केबल वरून ठेवलेली असेल, तर तिला बांधणारा टाय नायलॉनचा चालतो, कारण टाय गेला तरी केबल ट्रेवरच राहते. तोच ट्रे उलटा समजून केबल खालून टायने लटकवली, तर मात्र सगळा भार टायवर येतो. प्लॅस्टरच्या आत पुरलेल्या केबलचा प्रश्नच येत नाही.

धातूच्या क्लिपेचीही एक अडचण असते: तिची धार इन्सुलेशनला कापू शकते. म्हणून अशा क्लिपांवर प्लॅस्टिकचं पातळ आवरण असतं. आगीत ते जातं, धातू उरतो. आणि क्लिप कितीही मजबूत असली तरी ती भिंतीत कशावर उभी आहे तेही पाहावं लागतं. स्क्रूमागे प्लॅस्टिकची गिट्टी असेल, तर ती भिंतीच्या आत असल्यामुळे हळू तापते, पण स्क्रू उष्णता आत नेतोच. म्हणून जिथे जमेल तिथे थेट काँक्रीटमध्ये बसणारा धातूचा स्क्रू बरा.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या चाळींत सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून वायर नेलेली असायची. ती लाकडी पट्टी पेटणारी होती, त्यामुळे ती पद्धत सुरक्षित होती असं नाही. पण आज आपण जे स्वच्छ आणि आधुनिक म्हणून बसवतो, त्यातून धातू पूर्णच निघून गेला, हे खरं.

तुम्ही काय पाहाल?

घरात नवीन वायरिंग होत असेल, तर इलेक्ट्रिशियनला एकच प्रश्न विचारा: "पट्टी वितळली तर केबल कशावर राहील?" इंटरनेटची किंवा कॅमेऱ्याची केबल तुम्ही स्वतः लावत असाल, तर ती दाराच्या वरून आणि छताच्या कडेने न नेता शक्यतो खाली, जमिनीलगतच्या पट्टीच्या बाजूने न्या. तिथून सुटली तरी कोणाच्या अंगावर पडणार नाही. वरूनच न्यावी लागली, तर मध्ये मध्ये धातूच्या क्लिपा घाला. दुहेरी टेपने चिकटवलेल्या पट्टीवर विसंबू नका, कारण टेपचा गोंद बहुधा पीव्हीसीच्याही आधी हार मानतो.

आणि सुट्टीत भारतात आईवडिलांकडे जाल, तेव्हा त्यांच्या सोसायटीचा जिना नीट पाहा. केबल टीव्ही आणि ब्रॉडबँडवाल्यांनी वर्षानुवर्षं ओढलेल्या वायरींचे झुबके अनेक इमारतींत आजही प्लॅस्टिकच्या क्लिपांवर लोंबत असतात. बंद पडलेल्या जोडण्यांच्या वायरीही कोणी काढत नाही. त्या काढून टाकायला आणि उरलेल्या धातूच्या क्लिपांनी बांधायला सोसायटीला एक दिवस पुरतो. धूर झाला, तर तुमचे आईवडील त्याच जिन्याने खाली येणार आहेत, आणि त्यांना आणायला निघालेला माणूस त्याच जिन्याने वर जाणार आहे.